विद्यापीठाचा उपग्रह आणि त्यामागची प्रयोगशाळा : काय स्वतः उभारावं, काय बाहेर जाऊन वापरावं?

खगोलवाटा (धागाकर्ता)

विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाने अवकाश विज्ञानाचा छोटा प्रकल्प हाती घ्यायचा म्हटलं की प्रस्तावात एकच यादी फिरताना दिसते : क्लीनरूम, थर्मल व्हॅक्यूम चेंबर, शेकर टेबल (प्रक्षेपणासारखी कंपनं देणारं), हेल्महोल्ट्झ केज (हवं तसं चुंबकक्षेत्र तयार करणारी कॉइलांची चौकट), ग्राउंड स्टेशन. यातलं खरोखर रोज काय लागतं, वर्षातून एकदा काय लागतं आणि कुठली वस्तू नुसती फोटोपुरती राहते, यावर इथल्या जाणकारांनी लिहावं म्हणून धागा काढतोय.

चर्चा हवेत जाऊ नये म्हणून एक उदाहरण धरू. ३यू क्यूबसॅट (१० सेमीच्या तीन घनांएवढा, ठरावीक मापाचा लहान उपग्रह), वस्तुमान ४ किलो, कक्षा सुमारे ५०० किमी, जवळपास ध्रुवीय. उपकरण म्हणजे गॅमा किरण शोधक : थॅलियम मिसळलेला सिझियम आयोडाइडचा स्फटिक (गॅमा किरण पडला की चमकतो) आणि त्याला चिकटवलेले सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर (ती चमक विद्युत स्पंदात बदलणारे). संपर्क यूएचएफवर, ९६०० बिट प्रति सेकंद. उपग्रहाचा सांगाडा, बॅटरी, संगणक बाहेरून आणले तरी चालतील. शोधक मात्र विभागातच बनणार.

जुना_सोल्डर

साधा निकष सांगतो. जे दर आठवड्याला लागतं ते घरात हवं. जे पूर्ण प्रकल्पात दोनदा लागतं ते भाड्याने. आणि ज्यातून विज्ञान निघतं, म्हणजे शोधकाचं कॅलिब्रेशन, ते कधीही दुसऱ्यावर सोपवू नये.

या निकषाने पहिला पैसा जातो तो स्थिर विद्युतपासून सुरक्षित अशा कामाच्या टेबलावर, चांगल्या सूक्ष्मदर्शकावर, टॉर्क स्क्रूड्रायव्हरवर आणि छोट्या निर्वात भांड्यावर. या वस्तू उद्घाटनाच्या फोटोत शोभत नाहीत हे खरं. मनगटपट्ट्यात १ मेगाओमचा रोध असतो तो रोज सकाळी तपासायचा, पट्टा घातला म्हणजे झालं असं नाही. तार आतून तुटलेली असते आणि कोणाला कळत नाही. स्थिर विद्युतेने चिप जागच्या जागी मेली तर ते नशीबच म्हणायचं, कारण निदान कळतं. अर्धवट दुखावलेली चिप सगळ्या चाचण्या पार करते आणि कक्षेत जाऊन बसते.

साहित्याची एक वहीसुद्धा पहिल्या दिवसापासून लागते. कुठलीही टेप, गोंद, वायर आत येण्याआधी तिचे वायुउत्सर्जनाचे आकडे बघायचे. एएसटीएम ई५९५ चाचणीत नमुना १२५ अंश सेल्सिअसला २४ तास निर्वातात ठेवतात. एकूण वस्तुमान घट १.० टक्क्याच्या आत आणि २५ अंशाच्या पट्टीवर साचणारा पदार्थ ०.१ टक्क्याच्या आत हवा. पीव्हीसी आवरणाची वायर इथेच बाद होते, टेफ्लॉन किंवा ईटीएफई चालते. जस्त आणि कॅडमियमचा मुलामा असलेले स्क्रू नकोत, निर्वातात ते धातू उडतात. शुद्ध कथिलाच्या मुलाम्यावर केसासारखे तंतू वाढतात आणि शॉर्ट होतं, म्हणून कथिलात किमान ३ टक्के शिसं असलेला मुलामा बघून घ्यायचा.

शंकेखोर

क्लीनरूमबद्दल कोणीच का बोलत नाही? सगळ्यात जास्त खर्च तिथेच दाखवतात.

जुना_सोल्डर

कारण क्यूबसॅटला बहुतेक वेळा पडद्यांचा तंबू पुरतो. आयएसओ ७ वर्गात ०.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून मोठे कण घनमीटरला ३,५२,००० पर्यंत चालतात, आयएसओ ८ मध्ये ३५,२०,०००. ३ × ३ × २.४ मीटरच्या तंबूचं आकारमान २१.६ घनमीटर. १.२ × ०.६ मीटरचा एक फॅन-फिल्टर ०.४५ मीटर प्रति सेकंद वेगाने हवा सोडत असेल तर ताशी साधारण ११६६ घनमीटर, म्हणजे ५४ वेळा हवा बदलते. आयएसओ ७ ला एवढं कागदावर पुरतं. दोन लावले तर एक बंद पडला तरी काम थांबत नाही.

गडबड फिल्टरने होत नाही, माणसांनी आणि पुठ्ठ्याने होते. खोकी बाहेरच उघडायची. आत साधा कागद, पेन्सिल, लोकरी कपडे नकोत. कणमापक रिकाम्या तंबूत चालवून आकडा भिंतीवर लावणारे बरेच असतात. तो आकडा निरुपयोगी. तीन माणसं आत काम करत असताना, टेबलाच्या उंचीवर मोजायचा. आर्द्रता ४० ते ६० टक्के राखायची : खाली गेली की स्थिर विद्युत वाढते, वर गेली की गंज आणि (तुमच्या बाबतीत) स्फटिकाला ओल.

दूरदर्शकाचे आरसे किंवा अतिनील प्रकाशिकी असेल तर हा हिशेब चालणार नाही. तिथे खरी क्लीनरूमच लागते.

निर्वातपोकळी

आता चेंबर. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली खपवल्या जातात. एक, शोधक किंवा एखादं कार्ड निर्वातात चालतं का हे बघायचं छोटं भांडं. दोन, पूर्ण उपग्रह गरम-थंड करायचं, आतून तापमान-नियंत्रित आवरण असलेलं थर्मल व्हॅक्यूम चेंबर. पहिलं विभागात असायलाच हवं. दुसरं असलं तर उत्तम, नसलं तर भाड्याने मिळतं.

पहिल्याचं गणित मांडतो. व्यास ५० सेमी, लांबी ६० सेमी, म्हणजे सुमारे ११८ लिटर. ताशी १० घनमीटर ओढणारा कोरडा स्क्रोल पंप वातावरणापासून ०.१ मिलिबारपर्यंत आणायला साडेसहा मिनिटं घेतो. पुढे सेकंदाला ३०० लिटर ओढणारा टर्बोमॉलिक्युलर पंप. १०चा उणे ५ घात मिलिबारवर राहायचं असेल तर आतून येणारा एकूण वायू सेकंदाला ०.००३ मिलिबार-लिटरपेक्षा जास्त चालणार नाही. रिकामं भांडं हे सहज गाठतं. आत केबलचा गुंता आणि थरांचं इन्सुलेशन गेलं की गाठत नाही, आणि लोक पंपाला दोष देतात. तेलाचा रोटरी पंप स्वस्तात पडतो म्हणून जोडू नका. टर्बो बंद पडला की तेलाची वाफ उलटी येते आणि भांडं कायमचं मळतं.

दाब उतरत नसेल तर आधी गळती की वायुउत्सर्जन ते ओळखायचं. पंपाकडचा झडपदरवाजा बंद करून दाबाचा आलेख काढा. सरळ रेषेत चढत राहिला तर बाहेरून गळती. आधी चढून मग वाकून सपाट होत गेला तर आतलं पाणी नि वाफा. तिसरा प्रकार छुपा : आंधळ्या भोकात बसवलेल्या स्क्रूखाली अडकलेली हवा तासन्‌तास झिरपत राहते. हेलियम फवारून ती सापडत नाही कारण ती बाहेरून येतच नाही. त्यावर उपाय म्हणजे मध्ये भोक पाडलेले स्क्रू, किंवा भोकच आरपार ठेवणं.

अजून एक. पंप सुरू करताना आणि हवा सोडताना उच्च विद्युतदाब बंदच हवा. हवेचा विद्युतभंग सर्वांत सोपा होतो तो दाब × अंतर हा गुणाकार ०.७५ मिलिबार-सेंटिमीटरच्या आसपास असताना, आणि तिथे सव्वातीनशे व्होल्ट पुरतात. तुमचे सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर तीसेक व्होल्टवर चालतात, त्यांना भीती नाही. पण जुन्या पद्धतीची फोटोमल्टिप्लायर नळी लावणाऱ्यांचा विद्युतपुरवठा नेमका याच टप्प्यात जळतो.

शंकेखोर

पूर्ण उपग्रहाची चाचणी म्हणजे चार वेळा गरम, चार वेळा थंड. दोन दिवसांचं काम वाटतं. भाड्याच्या ठिकाणी आठवडा का मागतात?

निर्वातपोकळी

कारण निर्वातात उष्णता फक्त प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपातच जाते-येते, आणि ती फार सावकाश. ३यू चा पृष्ठभाग सुमारे ०.१५६ चौमी. उत्सर्जकता ०.८ धरली तर २० अंश सेल्सिअसला दर अंशाच्या फरकामागे जेमतेम ०.७१ वॉट. ४ किलो वस्तुमानाची उष्माधारकता साधारण ३६०० जूल प्रति अंश. भागाकार केला की कालस्थिरांक ८४ मिनिटं. उणे २० ला हाच २ तास १० मिनिटांवर जातो कारण तापमानाचा घन आडवा येतो. ठरलेल्या तापमानाच्या ९५ टक्के जवळ जायला तीन कालस्थिरांक लागतात : थंड बाजूला साडेसहा तास. वर स्थिरतेची अट (सहसा तासाला १ अंशापेक्षा कमी बदल), मग तिथे मुक्काम, मग कार्यचाचणी. एक चक्र दिवस खातं. पंपिंग, बेकआउट (गरम करून आतल्या वाफा काढणं), शेवटी परत वातावरणात आणणं धरलं की आठवडा होतोच.

हे लवकर उरकायची युक्ती म्हणजे आवरण लक्ष्यापेक्षा जास्त थंड करून नंतर वर आणणं. चालतं, पण सौरपट्ट्या आणि बाहेरच्या अँटेना आधी थंड होतात, आणि त्यांची मर्यादा ओलांडली जाते. म्हणून मर्यादा लावायची ती सगळ्यात हलक्या भागावरच्या तापमापकावर, मधल्या कार्डावरच्या नाही.

भाड्याच्या ठिकाणी जाण्याआधी विचारायचे प्रश्न :

भिंतीतून आत जाणाऱ्या विद्युतजोडण्या किती पिनांच्या आणि कुठल्या कनेक्टरच्या? आतली केबल तुमची की त्यांची? बहुतेक वेळा पहिला दिवस याच केबलपायी जातो. ती आधीच बनवून, ७० अंशाला भाजून न्यायची.

तापमापक किती वाहिन्या? दहा तरी हव्यात. टी प्रकारचं थर्मोकपल या तापमानकक्षेत चांगलं. नुसत्या कॅप्टॉन (उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या) टेपने चिकटवलेलं थर्मोकपल गरम टप्प्यात सुटतं आणि हवेत लोंबकळत आवरणाचंच तापमान दाखवतं. म्हणून टेपखाली थोडा वाहक गोंद, वरून अ‍ॅल्युमिनियमची टेप आणि तार पाचेक सेंटिमीटर पृष्ठभागालगत नेऊन मग सोडायची.

शेवटचा टप्पा नेहमी गरम ठेवा. परत येताना उपग्रह आधी गरम करायचा, आवरण त्याच्या मागून. उलट केलं तर भिंतीवरून उडालेली घाण तुमच्या स्फटिकाच्या खिडकीवर येऊन बसते. हवा भरायची ती कोरड्या नायट्रोजनने, आणि दार उघडायचं ते सगळे तापमापक दवबिंदूच्या वर गेल्यावरच.

तिसरा_अक्ष

शेकर घेऊ नका. विद्युतचुंबकीय शेकर, त्याचा अ‍ॅम्प्लिफायर, थंड करायची व्यवस्था, स्वतंत्र पाया, आणि चालवायला कायमचा तंत्रज्ञ. एवढं करून एका उपग्रहाला तो काही दिवस लागतो. वाहन-उद्योग किंवा संरक्षण क्षेत्राच्या चाचणी केंद्रात तो तयार असतो.

पातळी ठरवते ती प्रक्षेपण देणारी संस्था. ती अजून ठरली नसेल तर नासाच्या गॉडार्ड केंद्राचं जीएसएफसी-एसटीडी-७००० हे मानक धरतात : २० हर्ट्झला ०.०२६, ५० ते ८०० हर्ट्झदरम्यान ०.१६, २००० हर्ट्झला पुन्हा ०.०२६ जी-वर्ग प्रति हर्ट्झ. एकूण १४.१ जी आरएमएस (सगळ्या वारंवारतांचं मिळून सरासरी त्वरण). ही पात्रता पातळी, प्रत्येक अक्षावर २ मिनिटं. स्वीकृती पातळी याच्या ३ डेसिबल खाली, १०.० जी आरएमएस, १ मिनिट. एकच उपग्रह बनवणाऱ्या विद्यापीठाने प्रोटोफ्लाइट पद्धत घ्यावी, म्हणजे पात्रतेची पातळी पण १ मिनिटच.

क्रम असा. आधी हलका साइन स्वीप (एकेक वारंवारता क्रमाने वाढवत दिलेलं कंपन), मग यादृच्छिक कंपन, मग परत तोच हलका स्वीप. दोन्ही स्वीपांचे आलेख एकमेकांवर ठेवून बघायचे. अनुनादाची वारंवारता ५ टक्क्यांहून जास्त सरकली तर काहीतरी सैल झालं किंवा तडकलं. हे तीनही अक्षांवर, आणि प्रत्येक अक्षानंतर कार्यचाचणी. तिन्ही अक्ष उरकून शेवटी एकदाच चालू करून बघणारे असतात. त्यांना बिघाड सापडतो, कुठल्या अक्षाने केला ते मात्र सापडत नाही.

फिक्श्चर (उपग्रहाला शेकरवर धरणारी चौकट) हा खरा कळीचा भाग. त्याचा पहिला अनुनाद २००० हर्ट्झच्या वर हवा, नाहीतर तुम्ही फिक्श्चरची चाचणी घेता, उपग्रहाची नाही. रिकामं फिक्श्चर आधी स्वतंत्र हलवून त्याचा आलेख जपून ठेवा.

काय तुटतं? उंच कपॅसिटर पायांशी तुटतात, त्यांना कडेने इपॉक्सी लावायचा. मोठे इंडक्टर तसेच. कोपऱ्यांत धरलेलं कार्ड मध्यभागी पडद्यासारखं नाचतं आणि सिरॅमिक कपॅसिटर तडकतात. स्क्रूच्या डोक्यावर रंगाची रेघ ओढून ठेवा, सैल झाला की रेघ तुटलेली दिसते. आणि शेवटी रुळांची (उपग्रहाच्या चार कडांची) मापं परत घ्या : १०० मिमी, अधिक-उणे ०.१. कंपनानंतर फुगलेली सौरपट्टी आणि वाकलेला सांगाडा डिप्लॉयरमध्ये (रॉकेटवरून उपग्रह कक्षेत सोडणाऱ्या पेटीत) जाऊन अडकतो. रुळांना हार्ड अ‍ॅनोडायझिंग सक्तीचं आहे ते याच भीतीपोटी, निर्वातात उघडा धातू डिप्लॉयरच्या धातूला चिकटून बसू नये म्हणून.

गॅमा_किरण

वर 'कॅलिब्रेशन सोपवू नका' म्हटलंय त्याला +१. ते का, ते आकड्यांत सांगतो.

सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरचा भंगविद्युतदाब (ज्याच्या वर गेल्यावरच तो काम करतो) अंशामागे साधारण २० मिलिव्होल्ट सरकतो. कक्षेत शोधकाचं तापमान ४० अंशांनी वरखाली झालं तर ०.८ व्होल्ट. तुम्ही त्याला भंगाच्या वर २.५ व्होल्ट देत असाल तर हा जवळजवळ तिसरा हिस्सा झाला, आणि प्रवर्धनही त्याच प्रमाणात बदलणार. शिवाय स्फटिकाचा प्रकाश तापमानाबरोबर बदलतो तो वेगळाच. म्हणजे सिझियम-१३७ स्रोताची ६६२ केईव्ही (हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेची रेषा उन्हात एका वाहिनीत, सावलीत दुसऱ्याच. यावर उपाय : तापमापक फोटोमल्टिप्लायरच्या पाठीलाच, बायस विद्युतदाब तापमानानुसार बदलणारी सारणी, आणि ती सारणी जमिनीवर मोजून भरलेली. माहितीपत्रकातला सरासरी आकडा तुमच्या तुकड्याला लागू पडेलच असं नाही.

मोजणी अशी. उणे २० ते अधिक ४० दर १० अंशांना थांबायचं, प्रत्येक ठिकाणी स्फटिकाचं तापमान स्थिर होऊ द्यायचं (स्फटिक मंद असतो, कार्डावरचा तापमापक स्थिर झाला म्हणून तो झाला असं नाही), आणि स्रोत लावायचे : अमेरिशियम-२४१ ची ५९.५, कोबाल्ट-५७ ची १२२, सोडियम-२२ ची ५११ आणि १२७४.५, सिझियम-१३७ ची ६६१.७ केईव्ही. कोबाल्ट-५७ चं अर्धायुष्य २७२ दिवस. प्रकल्प सुरू होताना घेतलेला स्रोत वर्षाने ४० टक्क्यांवर येतो, त्यामुळे तो कॅलिब्रेशनच्या तोंडावर घ्यावा. परवाना, नोंदवही, कुलूपबंद कपाट, किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी हे सगळं त्याआधी.

यासाठी निर्वात लागत नाही. साधा तापमान-कक्ष आणि त्यात सोडलेला कोरडा नायट्रोजन पुरतो. निर्वात कक्षातच करायचं असेल तर स्रोत आत ठेवायची सोय बघा. ३ मिमी पोलादाच्या भिंतीतून ६६२ केईव्हीची ८० टक्क्यांहून जास्त किरणं आत जातात, पण ५९.५ ची १० टक्केसुद्धा नाहीत. बाहेरून स्रोत लावून 'खालच्या ऊर्जेला शोधक आंधळा आहे' असा निष्कर्ष काढणं सोपं आहे.

आता पेटीबद्दल. शोधकाची पेटी प्रकाशबंद हवी पण हवाबंद नको. पूर्ण बंद पेटीतली हवा उड्डाणात बाहेर पडायला धडपडते आणि झाकण फुगवते. दोन-तीन काटकोनी वळणांची, आतून काळी केलेली वाट ठेवायची, हवा जाते, प्रकाश अडतो. तपासणी अंधाऱ्या खोलीत : शोधक चालू, अंधारातला गणनादर नोंदवा, मग तेजस्वी टॉर्च प्रत्येक सांध्यावरून आणि केबलच्या तोंडावरून सावकाश फिरवा. दर उडाला तिथे फट.

अशा उपकरणाला लहान उपग्रह पुरतो का, तर पुरतो. जीआरबीअल्फा हा १यू उपग्रह मार्च २०२१ मध्ये गेला. त्यावर ७५ × ७५ × ५ मिमीचा असाच स्फटिक होता आणि ९ ऑक्टोबर २०२२ चा प्रचंड गॅमा स्फोट त्याने टिपला. डब्लिनच्या विद्यापीठाचा ईआयआरसॅट-१ डिसेंबर २०२३ मध्ये गेला, त्याच्यावरही सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरच होते, स्फटिक मात्र सेरियम ब्रोमाइडचा.

खगोलवाटा

किरणोत्सर्गाने फोटोमल्टिप्लायर खराब होतात म्हणतात. त्याची चाचणी विभागात शक्य आहे?

गॅमा_किरण

नाही. एकूण मात्रेसाठी कोबाल्ट-६० ची सोय आणि एकेका कणाच्या परिणामासाठी प्रोटॉन सायक्लोट्रॉन, दोन्ही बाहेरच. फोटोमल्टिप्लायरना प्रोटॉनच लावायचे, कारण त्यांचं नुकसान मुख्यतः सिलिकॉनच्या स्फटिकजालातले अणू हलल्याने होतं. गॅमा किरणांनी ते फारसं दिसत नाही. परिणाम असा की अंधारप्रवाह वाढतो, गोंगाट वर येतो आणि खालची ऊर्जामर्यादा महिन्यागणिक चढते. म्हणून उंबरठा कक्षेतून बदलता यायलाच हवा.

बीमच्या (प्रोटॉनच्या झोताच्या) वेळेबद्दल दोन गोष्टी. वाचनसंगणक नियंत्रणकक्षात राहणार, म्हणजे केबल लांबलचक. ती विभागातच गुंडाळी करून आधी जोडून बघा, यूएसबी तेवढ्या अंतरावर दगा देतं. आणि बीममध्ये ठेवलेले नमुने स्वतः किरणोत्सर्गी होतात, लगेच घरी नेता येत नाहीत. उड्डाणाचं कार्ड तिथे नेऊ नका, त्याच बॅचमधलं जुळं न्या.

अँटेनावाला

ग्राउंड स्टेशन मात्र स्वतःचंच हवं. विद्यार्थ्यांना त्यातून जेवढं शिकायला मिळतं तेवढं कुठल्याच खोलीतून मिळत नाही, आणि उपग्रह नसतानाही ते दुसऱ्यांचे उपग्रह ऐकत चालू ठेवता येतं. पण आधी दुवा आणि डेटा यांचा हिशेब करा, कारण तो उपकरणाची रचना ठरवतो.

४३७ मेगाहर्ट्झला ५०० किमीवर, म्हणजे डोक्यावर असताना, मार्गक्षय १३९ डेसिबल. क्षितिजाजवळ २००० किमी अंतर पडतं तेव्हा १५१. हा १२ डेसिबलचा फरक झाला आणि बहुतेक पास (उपग्रहाच्या स्टेशनवरून जाणाऱ्या फेऱ्या) खालच्या उंचीचेच असतात. म्हणून कमी गोंगाटाचा प्रवर्धक अँटेनापाशी, खांबावर. खाली खोलीत लावला तर केबलने खाल्लेला सिग्नल तो परत आणू शकत नाही. दोन आडव्या-उभ्या यागी (दांड्यांच्या अँटेना) वर्तुळाकार ध्रुवणात जोडलेल्या, फिरवायला दिगंश-उन्नती रोटेटर. डॉपलर या पट्ट्यात अधिक-उणे १० किलोहर्ट्झच्या आसपास सरकतो. सॉफ्टवेअर कक्षेच्या आकड्यांवरून ते भरून काढतं.

डेटा : ९६०० बिट, आठ मिनिटांचा पास, म्हणजे कागदावर ५७६ किलोबाइट. खालच्या उंचीवरचा वेळ, पॅकेटची वरकड आणि परत मागितलेले तुकडे वजा केले की अर्ध्याहून कमी हातात येतं. दिवसाला चार चांगले पास धरले तर १ मेगाबाइट. आता गॅमा_किरण यांचा शोधक सेकंदाला ३०० घटना देतो आणि प्रत्येकीला ८ बाइट लागतात असं धरा : दिवसाला २०७ मेगाबाइट. दोनशे पट! म्हणजे प्रत्येक घटना खाली आणणं विसरा. चार ऊर्जापट्ट्या, प्रत्येकी २ बाइट, दर सेकंदाला एक नोंद : ६९१ किलोबाइट, बसतं. सविस्तर घटना उपग्रहावरच साठवायच्या आणि ज्या वेळेला स्फोट झाल्याचं इतर उपग्रहांकडून कळतं तेवढाच तुकडा मागवायचा. हा निर्णय शोधकाचं कार्ड छापण्याआधी घ्यायचा असतो, नंतर नाही.

बिघाड कुठे होतात ते : रोटेटर उत्तरेच्या थांब्यावर पोचतो आणि पासच्या मधोमध पूर्ण चक्कर उलटी मारतो (सॉफ्टवेअरमध्ये पासची दिशा आधी बघून पलटी मोड लावायचा). केबलीला फिरण्यापुरता ढिलेपणा नसतो, कनेक्टर तुटतो. छतावरचे एलईडी दिवे आणि लिफ्टचे नियंत्रक या पट्ट्यात गोंगाट करतात; जागा ठरवण्याआधी स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर घेऊन संध्याकाळी छतावर जावं, सकाळी सगळं शांत असतं.

शंकेखोर

मग सरळ एस-बँडची डिश का नाही? डेटाचा प्रश्नच मिटला.

अँटेनावाला

मिटत नाही, सरकतो. २.२ गिगाहर्ट्झला ३ मीटरच्या डिशचं गेन ३४ डीबीआय, पण झोत अवघा ३.२ अंशांचा. ५०० किमीवरचा उपग्रह डोक्यावरून जाताना सेकंदाला ०.८७ अंश सरकतो. संगणकाचं घड्याळ दोन सेकंद चुकलं की उपग्रह झोताबाहेर. यागीचा झोत तीसेक अंशांचा, तिला दोन सेकंदांनी काही होत नाही. शिवाय उपग्रहावरचा एस-बँड प्रक्षेपक वीज जास्त मागतो आणि अँटेना बहुधा पृथ्वीकडे रोखावी लागते, म्हणजे अभिमुखता नियंत्रण चाललंच पाहिजे. पहिल्या उपग्रहाला यूएचएफ असू द्या, एस-बँड हवाच तर जोडीला.

प्रक्षेपणानंतरचे पहिले दिवस वेगळे असतात. एकाच वेळी डझनावारी उपग्रह सुटतात, आणि कुठल्या वस्तूचे कक्षा-आकडे तुमच्या उपग्रहाचे, हे कोणालाच माहीत नसतं. तेव्हा मिळालेल्या सिग्नलचा डॉपलर वक्र नोंदवायचा आणि यादीतल्या प्रत्येक वस्तूच्या अपेक्षित वक्राशी ताडून बघायचा. काही पासांत जोडी जुळते. सॅटनॉग्ज या ग्राउंड स्टेशनांच्या जाळ्यावरची इतर स्टेशनं यात मोलाची मदत करतात, त्यासाठी बीकनची (उपग्रह ठरावीक वेळाने पाठवतो त्या ओळखसंदेशाची) रचना आधीच जाहीर करून ठेवा. हौशी पट्टा वापरायचा तर आयएआरयू या हौशी रेडिओ संघटनेचा वारंवारता समन्वय आणि देशाच्या प्रशासनामार्फत आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेकडे नोंद, दोन्ही लागतं. हा कागद उपग्रहाआधी सुरू करायचा. यांत्रिक काम उशिरा होऊन सावरता येतं, हे येत नाही.

तिसरा_अक्ष

राहिली हेल्महोल्ट्झ केज. ही विभागात बनवण्यासारखी आहे, विद्यार्थ्यांचं एक सत्र जातं पण खर्च फारसा नाही. २ मीटर बाजूच्या चौकोनी कॉइलची जोडी, प्रत्येकीत ४० वेढे. मधलं अंतर बाजूच्या ०.५४४५ पट म्हणजे १०९ सेमी. अँपिअरमागे मध्यभागी सुमारे ३३ मायक्रोटेस्ला. कक्षेतलं आणि खोलीतलं चुंबकक्षेत्र धरून १०० मायक्रोटेस्लाची तयारी ठेवायची, म्हणजे सुमारे ३.१ अँपिअर. एका अक्षाला ६४० मीटर तार. दीड चौमिमीची घेतली तर ७.३ ओम, २३ व्होल्टचा पुरवठा, ७० वॉट उष्णता. असे तीन अक्ष. ते एकमेकांत बसावेत म्हणून प्रत्येक जोडीची बाजू थोडी लहान-मोठी ठेवावी लागते, त्यानुसार वरचे आकडे परत काढायचे.

खर्च नाही, पण जागा निवडताना चुकतं. काँक्रीटमधल्या सळ्या, लोखंडी टेबल, शेजारची लिफ्ट. लिफ्ट हलली की शून्य हलतं. पाया लाकूड किंवा अ‍ॅल्युमिनियमचा, आणि मधल्या ३० सेमीच्या घनात जागोजागी क्षेत्र मोजून नकाशा काढून ठेवायचा. उपग्रहाचं मॅग्नेटोमीटर यात कॅलिब्रेट करताना बॅटरी चार्ज होत असताना, प्रक्षेपक चालू असताना, प्रत्येक टॉर्कर (चुंबकीय बलाने उपग्रह वळवणारी कॉइल) चालू असताना वेगवेगळं मोजा. सौरपट्टीच्या मागे वायरीचा वेढा राहिला असेल तर तो इथे पकडला जातो.

खगोलवाटा

सूर्य-सिम्युलेटर विभागात आहे, सौरघटांच्या संशोधनासाठी घेतलेला. तो चालेल ना? आणि तयार उपग्रह प्रक्षेपण लांबल्यामुळे पडून राहिला तर कसा ठेवायचा?

जुना_सोल्डर

सिम्युलेटर बहुधा जमिनीवरच्या वर्णपटाचा असेल, १००० वॉट प्रति चौमी. वातावरणाबाहेर १३६१ वॉट, आणि निळ्या-अतिनील बाजूचा वाटा वेगळा. उपग्रहावरच्या त्रिस्तरीय घटांत तिन्ही थर मालिकेत असतात, सगळ्यात कमी प्रवाह देणारा थर एकूण प्रवाह ठरवतो. वर्णपट चुकला की मोजमाप चुकतं, नुसती तीव्रता वाढवून ते जुळत नाही. पट्टी जिवंत आहे का, वायरिंग बरोबर आहे का, एवढं बघायला चालेल. वीजेचा अंदाज त्यावरून मांडू नका.

पडून राहणाऱ्या उपग्रहाचं : लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरून ठेवू नये, रिकामीही नको, अर्ध्याच्या आसपास. 'उड्डाणापूर्वी काढा' पिन घातल्यावर खरोखर काही प्रवाह वाहत नाही ना, हे मायक्रोअँपिअरपर्यंत मोजा. पिन बॅटरी तोडते पण एखादं मोजमाप-सर्किट तिच्या अलीकडे जोडलेलं राहून गेलं असेल तर काही महिन्यांत बॅटरी संपते. पेटी स्थिर विद्युतरोधी, आत नायट्रोजन, ओलावा दाखवणारं कार्ड. ठरलेल्या अंतराने बाहेर काढून बॅटरीचा विद्युतदाब, घड्याळ आणि शोधकाचं एक वाचन घ्यायचं. वाचनासाठी अमेरिशियमचा तोच स्रोत, त्याच खाचेत ठेवून. त्या खाचेचा धारक कॅलिब्रेशनच्या वेळीच बनवून ठेवा. चार्ज करताना खोलीचं तापमान शून्याच्या वर असल्याची खात्री करा, नाहीतर लिथियमचा धातू ऋणाग्रावर चढतो. डिप्लॉयरमध्ये गेल्यावर चार्जिंगचा दरवाजा उघडा राहतो की झाकला जातो, हे प्रक्षेपण संस्थेला लेखी विचारून ठेवा.

अँटेनावाला

त्यात एक जोड. डिप्लॉयरमध्ये भरण्याआधी सॉफ्टवेअरमधला प्रतीक्षाकाळ परत तपासा. क्यूबसॅट मानकाप्रमाणे सुटल्यावर अँटेना उलगडायला किमान ३० मिनिटं आणि प्रक्षेपण सुरू करायला ४५ मिनिटं थांबावं लागतं. चाचणीसाठी हा आकडा ३० सेकंद केलेला असतो, आणि तो तसाच राहिलेला शेवटच्या यादीत पकडायचा असतो.